जामीनपत्र ऑनलाइन, खर्च कुणाच्या खाती? टेक्सासमधल्या काउंट्यांचा हिशेब

टेक्सासच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १७.०२६ क्रमांकाचे एक कलम आहे. कलम कसले, एक वाक्यच. ज्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) जामीनपत्र लिहिले जाते त्या काउंटीने मान्य केलेल्या कोणत्याही पद्धतीने ते न्यायालय, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट किंवा जामीन घेणाऱ्या अन्य अधिकाऱ्याकडे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखल करता येईल, एवढाच त्याचा आशय. ‘दाखल करावे’ असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

पैशाचा सगळा प्रश्न या क्रियापदाशी येऊन थांबतो. टेक्सासच्या विधिमंडळात विधेयकाला लेजिस्लेटिव्ह बजेट बोर्डाची आर्थिक टिपणी जोडतात आणि स्थानिक शासनावर काय बोजा पडेल हे तिच्यात वेगळे सांगतात. कायदा ऐच्छिक असला की तिथे मोठा आकडा लिहायला आधार राहत नाही, कारण सक्ती कुणावरच नसते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे. पण जी काउंटी ‘हो’ म्हणते तिचा खर्च त्या दिवसापासून सुरू होतो, आणि तो कुठे किती होतो हे टिपणीत शोधून सापडत नाही. तो शोधायचा तर तुरुंगाच्या खिडकीपाशी जावे लागते.

आधी पैसा कुणाचा, ते पाहू. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. तुरुंग शेरीफ चालवतो आणि त्याचे पैसे काउंटी भरते. न्यायालयांचे दप्तर सांभाळणारे डिस्ट्रिक्ट क्लार्क आणि काउंटी क्लार्क यांची कार्यालयेही काउंटीच्याच अंदाजपत्रकावर चालतात. उत्पन्नाचा मुख्य आधार मालमत्ता कर. २०१९ च्या करसुधारणा कायद्याने काउंट्यांना या कराचे उत्पन्न मतदारांना न विचारता वर्षाला साधारण ३.५ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे कमिशनर्स कोर्टापुढे, म्हणजे काउंटी जज आणि चार कमिशनर यांच्या मंडळापुढे, नव्या प्रणालीचा प्रस्ताव येतो तेव्हा तो पोलीस गाड्या, रस्ते आणि कैद्यांच्या औषधपाण्याशी स्पर्धा करत येतो. न्यायालयीन तंत्रज्ञान निधी म्हणून एक स्वतंत्र खाते आहे खरे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याकडून घेतल्या जाणाऱ्या १०५ डॉलरच्या स्थानिक एकत्रित खर्चातले सुमारे ४ डॉलर त्यात जातात. पण ते दोषी ठरल्यावर, आणि वसूल झाले तर. जामीनपत्राचे काम अटकेच्या रात्रीच उभे राहते.

कागदी पद्धतीत त्या रात्री काय घडते ते आता बघा. दोन वाजलेत. मॅजिस्ट्रेटने आरोपीच्या जामिनाची रक्कम ठरवून दिली आहे. घरच्यांनी जामीन एजंट, म्हणजे पैसे घेऊन जामीनदार राहणारा व्यावसायिक, गाठला, एजंट वीस मैल गाडी चालवून तुरुंगाच्या जाड काचेच्या खिडकीपाशी आला. त्याच्या पिशवीत छापील जामीनपत्र आहे, त्यावर जामीनदाराची ऐपतीची शपथ आहे, आणि सोबत विमा कंपनीची ‘पॉवर’, म्हणजे कंपनीच्या वतीने हमी देण्याचे अधिकारपत्र, आहे. या कागदाची जाडी, रंग, त्यावरचा अनुक्रमांक आणि ‘अमुक रकमेपेक्षा जास्त नाही’ ही ओळ एजंटांना पाठ असते. एक पॉवर एकाच जामीनपत्राला, एकदाच. (आपल्याकडे जामीनदाराची ऐपत सातबाऱ्यावर किंवा तहसीलदाराच्या दाखल्यावर ठरते, तिथे बहुतेक वेळा या क्रमांकित कागदावर.) काचेखालच्या फटीतून गठ्ठा आत सरकतो. आतला कर्मचारी नाव, आरोप आणि रक्कम ताडून पाहतो, कागद आरोपीकडे नेतो, सही आणि अंगठा घेऊन परत येतो. दर जामीनपत्रामागे १५ डॉलरचे राज्याचे शुल्क एजंटाकडून घेतो. एका वेळी एकाच माणसासाठी कितीही जामीनपत्रे दिली तरी कमाल ३० डॉलर. मग दुसऱ्या काउंटीचे वॉरंट आहे का, पॅरोलचा अडसर आहे का, हे पाहून सुटका. सकाळी गठ्ठा क्लार्कच्या कार्यालयात जातो.

कलम १७.०८ प्रमाणे जामीनपत्रात काय असावे हे ठरलेले आहे. ते टेक्सास राज्याच्या नावे असले पाहिजे, आरोपी आणि जामीनदार दोघे बांधले गेले पाहिजेत, आरोप गंभीर की किरकोळ हे लिहिलेले असले पाहिजे, हजर राहण्याची जागा आणि वेळ हवी, दोघांच्या सह्या वा निशाणी आणि जामीनदाराचा टपालाचा पत्ता हवा. पुन्हा अटक करावी लागली तर त्याचा वाजवी खर्च भरण्याची अटही हवी. इलेक्ट्रॉनिक पद्धत यातले काहीही कमी करत नाही. तेच सगळे पडद्यावर उभे करायचे असते.

पडद्यावरचा प्रवास साधारण असा होतो. एजंट आपल्या कार्यालयातून लॉगिन करतो. त्याचा परवाना चालू आहे का हे प्रणाली तपासते. तो आरोपीचा बुकिंग क्रमांक, म्हणजे तुरुंगात दाखल करतानाचा नोंद क्रमांक, निवडतो, आरोप आणि रक्कम तुरुंगाच्या प्रणालीतून आपोआप भरली जाते. पॉवरचा क्रमांक टाकतो, सही करतो. शपथ आहे म्हणजे नोटरी आली; टेक्सासमध्ये २०१८ पासून ऑनलाइन नोटरी चालते आणि तिचे शुल्क कमाल २५ डॉलर आहे. जामीनपत्र तुरुंगातल्या रांगेत येते. कर्मचारी ते उघडतो, ताडतो, आरोपीला किऑस्कपाशी आणून सही आणि अंगठ्याचा ठसा घेतो, शुल्क जमा झाल्याची खात्री करतो आणि ‘स्वीकारले’ हे बटण दाबतो. त्या क्षणाची वेळ नोंदली जाते. प्रत क्लार्ककडे जाते.

एजंटाचा चाळीस मैलांचा फेरा वाचला, हे उघड आहे. काउंटीचे काय वाचले? कर्मचाऱ्याची खिडकीवरची काही मिनिटे आणि क्लार्कचे स्कॅनिंग. तुरुंगातली सही, ओळख पटवणे आणि दुसरे वॉरंट शोधणे जिथल्या तिथे राहते. बचतीचा मोठा वाटा एजंटाला आणि आरोपीला मिळतो, जोडणीचा खर्च काउंटीला. हे ध्यानात न घेता केलेले प्रत्येक अंदाजपत्रक वर्षभरात फसते.

आता आकडे. पुढचे सगळे आकडे हिशेब दाखवण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. वाचणाऱ्याने त्यांच्या जागी आपल्या काउंटीचे घालावेत. दिवसाला १५ जामीनपत्रे धरा, म्हणजे वर्षाला ५,४७५. प्रत्येकी १० मिनिटे वाचली तर ९१२ तास. सगळे भत्ते धरून तासाचा खर्च ३५ डॉलर असेल तर बचत सुमारे ३१,९०० डॉलर.

सुरुवातीचा खर्च पाहू. दोन जोडण्या लागतात: तुरुंगाच्या प्रणालीशी एक, न्यायालयाच्या प्रकरण-प्रणालीशी दुसरी. प्रत्येकी २५,००० धरल्या तर ५०,०००. ठशाचे यंत्र आणि सहीची पाटी असलेले दोन किऑस्क ८,०००. चाळीस जणांना चार तासांचे प्रशिक्षण ५,६००. आणि सहा आठवडे कागद व पडदा दोन्ही चालवणे: ६३० जामीनपत्रे, प्रत्येकी २० मिनिटे जास्तीची, ७,३५० डॉलर. एकूण ७०,९५०. यातली शेवटची बाब प्रस्तावातून हमखास गळते, कारण तिचे बिल कुणी पाठवत नाही. ती जादा कामाच्या भत्त्यात विरघळते.

दरवर्षीचा खर्च म्हणजे जोडण्यांची देखभाल, किमतीच्या २० टक्के धरून १०,०००. साठवण आणि नेटवर्क ३,०००. इथे थांबले तर वर्षाला सुमारे १८,९०० डॉलर शिल्लक राहतात आणि सुरुवातीचा खर्च पावणेचार वर्षांत फिटतो. पण रात्री दोन वाजता प्रणाली अडकली तर फोन कोण उचलणार? त्यासाठी तांत्रिक माणसाचे अर्धे पद धरले, ४०,००० डॉलर, की तीच शिल्लक वर्षाला सुमारे २१,००० च्या तुटीत जाते. प्रकल्प फायद्याचा की तोट्याचा हे या एका ओळीवर ठरते. जामिनाचे काम रात्री आणि शनिवार-रविवारी जास्त असते, काउंटीचा संगणक विभाग मात्र सोमवार ते शुक्रवार दिवसा चालतो. म्हणून ही ओळ वगळून केलेला हिशेब मान्य करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बचतीच्या बाजूला आणखी एक आकडा फुगवला जातो. प्रत्येकाची सुटका तासभर लवकर झाली तर वर्षाला ५,४७५ तास, म्हणजे २२८ कैदी-दिवस वाचतात. त्याला तुरुंगाच्या सरासरी दैनंदिन खर्चाने गुणले की आकडा डोळ्यांत भरतो. तो खरा नाही. टेक्सासच्या तुरुंग मानकांनुसार ४८ कैद्यांमागे एक अधिकारी लागतो. एक कैदी तासभर आधी गेल्याने तो अधिकारी घरी जात नाही, इमारतीची वीज बंद होत नाही. वाचते ते जेवण, थोडी औषधे, थोडी धुलाई. दिवसाला १२ डॉलर धरले तर सगळे मिळून २,७०० च्या आसपास. लवकर सुटका होणे ही त्या माणसाच्या नोकरीसाठी आणि मुलाबाळांसाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि प्रणाली आणायला तेवढे कारण पुरे आहे. पण ते कारण म्हणूनच मांडावे, पैशाच्या रकान्यात घालू नये.

लहान काउंटीचे गणित वेगळे आहे. दिवसाला दोन जामीनपत्रे असतील तर बचत वर्षाला १२१ तास, म्हणजे ४,२५० डॉलर. जोडणीची किंमत मात्र तेवढीच, कारण कोड लिहिणारा जामीनपत्रांच्या संख्येवर पैसे घेत नाही. अशा काउंटीने पूर्ण प्रणालीच्या मागे लागू नये. कायद्यात ‘काउंटीने मान्य केलेली कोणतीही पद्धत’ असे शब्द आहेत. ठरावीक शासकीय ईमेल पत्त्यावर ठरावीक नमुन्यातली पीडीएफ, पाठवणाऱ्या एजंटांची नोंदणीकृत यादी आणि तुरुंगात एक चांगला प्रिंटर, एवढ्यातही काम भागते. फक्त नियम लेखी हवा. एकच पीडीएफ दोन काउंट्यांना जाऊ शकते, म्हणून पॉवरचा क्रमांक त्याच रात्री विमा कंपनीकडे पडताळायचा.

काही विक्रेते प्रणाली काउंटीला फुकट देतात आणि दर जामीनपत्रामागे एजंटाकडून पैसे घेतात. प्रस्ताव आकर्षक वाटतो. तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्यावर सही करू नये. जोडणीचे काम फुकटात आहे का? करार संपला तर जुनी जामीनपत्रे कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळतील? आणि पैसे न देता खिडकीवर कागद देण्याची वाट खुली राहील का? तिसऱ्यावर काउंटीच्या वकिलाचे लेखी मत घ्यावे. जामिनाच्या वाटेत खासगी शुल्क सक्तीचे झाले तर त्याचे उत्तर काउंटीलाच द्यावे लागेल.

बिघाड कुठे होतात, हे पाहिल्याशिवाय खर्च कळत नाही. सगळ्यांत मोठा बिघाड क्रमांकांचा. अटकेच्या रात्री आरोपीकडे बुकिंग क्रमांक असतो, राज्याच्या गुन्हे नोंदीचा ट्रॅकिंग क्रमांक असतो, पण न्यायालयाचा प्रकरण क्रमांक नसतो. तो आरोप दाखल झाल्यावर, काही वेळा आठवड्यांनी मिळतो. कागदी जामीनपत्र तोवर क्लार्कच्या खणात आडनावाच्या क्रमाने पडून असायचे आणि अनुभवी माणूस ते काढून फाइलला लावायचा. प्रणालीला खण नसतो. प्रकरण क्रमांकाशिवाय आलेली नोंद ती नाकारते, किंवा स्वीकारून अधांतरी ठेवते. मग आरोपी जामिनावर बाहेर असूनही न्यायालयाच्या पडद्यावर ‘जामीन नाही’ दिसते आणि वॉरंट निघते. उपाय साधा आहे: बुकिंग क्रमांक आणि ट्रॅकिंग क्रमांक मिळून जोडणीची किल्ली करायची, प्रकरण क्रमांक नंतर भरायचा, आणि न जुळलेल्या नोंदींची यादी रोज सकाळी एका नेमलेल्या माणसासमोर ठेवायची. त्या माणसाचा अर्धा तास अंदाजपत्रकात धरायचा.

दुसरा बिघाड शिळ्या रकमेचा. मॅजिस्ट्रेटने संध्याकाळी रक्कम ५,००० वरून ३,००० केली, पण प्रणाली तुरुंगाची माहिती रात्रीतून एकदाच उचलते. एजंट ५,००० चे जामीनपत्र भरतो, कर्मचारी ते न जुळणारे म्हणून परत करतो, माणूस सकाळपर्यंत आत. शुल्काचीही अशीच गफलत होते: तीन आरोपांची तीन जामीनपत्रे वेगवेगळी दाखल झाली की सॉफ्टवेअर ४५ डॉलर घेते, कायद्याची मर्यादा ३० ची. मालमत्ता तारण ठेवणाऱ्या परवानाधारकाला तारणाच्या ठरावीक पटीपर्यंतच जामीनपत्रे लिहिता येतात. प्रणालीने सुटलेल्या जबाबदाऱ्या वजा केल्या नाहीत तर चांगला एजंट विनाकारण अडतो, आणि चालू जबाबदाऱ्या मोजल्या नाहीत तर बुडीत जामीनपत्रे स्वीकारली जातात.

आणि मग सहीचा प्रश्न, जो दोन वर्षांनी समोर येतो. आरोपी तारखेला आला नाही की न्यायालयाच्या दाराशी त्याचे नाव मोठ्याने पुकारतात, हजर न झाल्यास रक्कम जप्तीचा सशर्त निकाल होतो. त्याला तिथे ‘जज्मेंट नायसाय’ म्हणतात. त्यानंतर जामीनदाराचा वकील जामीनपत्र मागतो. कलम २२.१३ प्रमाणे जामीनपत्र कायद्याने बंधनकारक नसेल तर जबाबदारी संपते. किऑस्कवरची सही नेमकी कुणाची, ठसा त्याच वेळी घेतला होता का, नंतर पीडीएफ बदलली का, हे दाखवता आले नाही तर १०,००० डॉलरची वसुली बुडू शकते. वर धरलेल्या काउंटीची ती जवळजवळ चार महिन्यांची बचत. म्हणून प्रत्येक जामीनपत्रासोबत सहीची वेळ, यंत्राचा क्रमांक, कर्मचाऱ्याचा लॉगिन आणि अंतिम फाइलची हॅश किंमत (फाइलीत काहीही बदलले की बदलणारा सांकेतिक आकडा) एकत्र जतन झालीच पाहिजे. यासाठी करारात एक परिच्छेद पुरतो. तो नंतर घालायला मात्र विक्रेता वेगळे पैसे मागतो.

जोडणी घिसाडघाईने केली तर किंमत किती जाते, याचे उदाहरण टेनेसी राज्यातले आहे. मेम्फिस शहर ज्या शेल्बी काउंटीत आहे तिने नोव्हेंबर २०१६ मध्ये फौजदारी न्यायालयांची आणि तुरुंगाची माहिती जुन्या प्रणालीवरून नव्यावर नेली. ते निव्वळ जामीनपत्रांचे काम नव्हते, आवाका बराच मोठा होता. पण बोच तीच: न्यायालयाची प्रणाली एक, तुरुंगाची दुसरी, मध्ये जोडणी. त्याच महिन्यात फेडरल न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला. जामीन भरल्यावर किंवा सुटकेचा हक्क मिळाल्यावरही लोक आत राहिले, अशी तक्रार होती. दावा काउंटी आणि विक्रेते दोघांवर होता आणि शेवटी ४९ लाख डॉलरपर्यंतच्या तडजोडीवर मिटला. शेल्बी आपल्या गृहीत काउंटीपेक्षा पुष्कळ मोठी. तरी ३१,९०० च्या वार्षिक बचतीशेजारी हा आकडा ठेवला तर दीडशे वर्षांची बचत होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही तफावत अनोळखी नाही. मुंबईत आर्थर रोड तुरुंगाबाहेरच्या जामीनपेटीत संध्याकाळी साडेपाचपर्यंत कागद पडला नाही की सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. ऑक्टोबर २०२१ मधल्या एका गाजलेल्या प्रकरणात २८ तारखेला उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि सुटका ३० तारखेला सकाळी झाली. पुढे ३१ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवणारी ‘फास्टर’ प्रणाली सुरू केली, आणि ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत जामीन आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला ईमेलने देण्यास सांगितले. आपल्याकडे न्यायालय आणि तुरुंग राज्याच्या पैशावर चालतात, ग्रामपंचायत किंवा महापालिकेवर हा बोजा नाही. टेक्सासची काउंटी मात्र आपल्या जिल्हा परिषदेसारखी रस्तेही बांधते आणि तुरुंगही चालवते, म्हणून तिथे हा प्रश्न थेट घरपट्टीचा होतो.

‘हो’ म्हणायचे ठरवलेल्या काउंटीने कामाचा क्रम असा ठेवावा. आधी दोन आठवडे खिडकीवर उभे राहून प्रत्येक जामीनपत्राला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे. विक्रेत्याचा आकडा घेऊ नये. मग शेरीफ, दोन्ही क्लार्क, सरकारी वकील आणि १,१०,००० हून अधिक लोकवस्तीच्या काउंटीत कायद्याने असलेले, जामीन एजंटांना परवाने देणारे बेल बाँड बोर्ड यांनी मिळून एक पानी नियम लिहावा: कोणती वेळ दाखल झाल्याची, कोणती स्वीकारल्याची, आणि त्यानंतर किती मिनिटांत कर्मचाऱ्याने निर्णय द्यायचा. पहिले सहा आठवडे फक्त किरकोळ गुन्ह्यांची, एकाच आरोपाची जामीनपत्रे घ्यावीत. रोजच्या यादीत सलग दहा दिवस न जुळलेली नोंद शून्य आली की पुढचा टप्पा.

कोऱ्या छापील जामीनपत्रांचा गठ्ठा, शाईचे पॅड आणि शुल्काचे पावतीपुस्तक तुरुंगाच्या खिडकीखालच्या खणात कायम राहू द्यावे. प्रणाली बंद पडून पंधरा मिनिटे झाली की पाळीवरच्या सार्जंटने कुणालाही न विचारता कागदावर जावे, आणि चालू झाल्यावर ती जामीनपत्रे मूळ वेळेसह त्याच पाळीत चढवावीत. दर तीन महिन्यांनी एका रात्री मुद्दाम प्रणाली बंद करून हे करून पाहावे, कारण दोन वर्षांनी त्या पाळीवरच्या निम्म्या माणसांनी कागदी जामीनपत्र कधी हातात धरलेलेही नसेल.